उजेड धरणारा माणूस

माझे आजेसासरे, म्हणजे आमचे आबा, मूकपटांच्या काळात उजेड धरायचे. तेव्हा शूटिंग उन्हातच चाले. नटीच्या तोंडावर सावली आली, की चमकता कागद डकवलेला फळा तिरपा करून ऊन तिच्या गालावर पाडायचं, हे त्यांचं काम. राजा मरो नाहीतर राणी पळो, आबा फळा धरून उभे. पुढं बोलपट आले, विजेचे दिवे आले आणि आबा गावी, आष्ट्याला आपल्या उसाच्या शेतात परतले. एवढी वर्षं कॅमेऱ्याशेजारी काढून त्यांचा स्वतःचा एकही फोटो नव्हता.

नव्वदच्या दशकात सिनेमाला शंभर वर्षं झाली आणि गावातल्या मंडळाला अचानक आठवलं, की आपल्याकडे एक जुना कलावंत शिल्लक आहे. सत्कार ठरला. नव्वदीला टेकलेल्या आबांनी एवढंच विचारलं, "फोटू निघंल न्हवं?" निघणार म्हटल्यावर फेटा धुतला, मिशीला तेल लागलं. सासूबाईंनी तर भिंतीत खिळाही ठोकून ठेवला.

कार्यक्रम सकाळचा, म्हणून पुढारी दुपार कलल्यावर आले. भाषणात म्हणाले, "मूकपटांतले यांचे संवाद आजही माझ्या कानात घुमतात." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मग शाल आली. तोवर ऊन स्टेजच्या मागं गेलेलं, आणि फोटोग्राफरचा फ्लॅश काही पेटेना. "सायबांचं त्वांड काळं येतंय," तो कुरकुरला.

एवढं ऐकलं मात्र, आबा खुर्चीतून उठले. शालीचं स्टीलचं ताट उचललं, पायऱ्या उतरून समोर उन्हात गेले आणि ताट तिरपं केलं. पुढाऱ्याचा चेहरा उजळला.

"आवं सायेब, मान जरा वर. हां, ऱ्हावा तसंच!"

साहेब राहिले. हातात शाल, समोर माणूस नाही. पण कॅमेरा रोखलेला असताना अडतील तर पुढारी कसले? शाल शेजारी उभ्या मंडळाच्या अध्यक्षाला पांघरली. फोटो निघाला आणि रीळही संपलं.

फोटो घरी आला तेव्हा सासूबाई कडाडल्या, "आवं मामंजी, सत्कार तुमचा हुता न्हवं? तुमी कुटं हाय ह्यात?"

आबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. पुढाऱ्याच्या गालावरच्या उजेडावर बोट टेकवून म्हणाले, "ह्यो काय, हितं. लय बेस आलोय."

सासूबाईंनी फोटो त्याच खिळ्याला लावला.

दोन वर्षांनी आबा गेले. हार घालायला दुसरा फोटो नव्हता, म्हणून यालाच घातला. पुढारी अजून धडधाकट आहेत. निवडणुकीत हात जोडून आमच्या दारी आले, भिंतीवर नजर गेली, आणि मत न मागताच माघारी फिरले.