अभिषिक्त म्हणे!

तिचं खरं नाव घरातसुद्धा कोणी घेत नसे. लहानपणी ती हाक मारायची तेव्हा पलीकडच्या गल्लीतली कुत्री जागी व्हायची, म्हणून आईनेच तिला भोंगा म्हणायला सुरुवात केली आणि लग्नानंतर त्याचं भोंगाताई झालं. पुढे त्या आवाजावरच तिचं पोट भरायला लागलं. टॅक्सी कंपनीच्या ऑफिसात, जिन्याखालच्या कोंदट खोलीत, कानाला हेडफोन लावून ती दिवसभर ड्रायव्हरांना हाकायची. समोर भिंतीवर गावाचा नकाशा, टेबलावर झाकण हरवलेला थर्मास, आणि वायरलेसमधून सतत कोणीतरी कुरकुरत असलेलं. "लंबू, स्टेशनवर जा. दोन सुटकेसा आणि एक आजी. आजीला आधी बसव, सुटकेसा मग." तिचा नवराही तिथेच ड्रायव्हर. तो म्हणायचा, "घरी ऐकतो ते कमी पडतं, म्हणून गाडीतही हीच."

तिचा जीव होता धाकट्या भावावर. भाऊ पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर इतकं देखणं की न्हाव्याच्या दुकानावरून जाणारा माणूसही डोक्यावर केस नसताना क्षणभर थांबायचा. पण लहानपणापासून त्याला फिट यायची. आई गेल्यावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं काम ताईकडे आलं. किती शाळा बदलल्या, किती डॉक्टर झाले. शेवटी एका डॉक्टरच्या गोळ्या लागू पडल्या आणि फिट अशी थांबली की ती कधीकाळी यायची हेच घरातले विसरत चालले होते. मग कुठे भाऊ शिडीवर चढायला लागला.

दोघंही मंडळीतली, दर रविवारी चर्चला जाणारी. त्यांचे जुने पाळक, ज्यांना सगळे बाबा म्हणत, वय झाल्यावर निवृत्त झाले. मंडळीने त्यांना चर्चच्या मागची एक खोली राहायला दिली. त्यांच्या जागी नवे पाळकसाहेब आले. तरणेबांड, वाणी गोड, सूट कडक इस्त्रीचा. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, की माझ्यावर देवाचा विशेष अभिषेक आहे. मग हळूहळू मंडळीची रीतच बदलली. त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्याने बसायचं नाही. त्यांचा पेला वेगळा. त्यांना प्रश्न विचारायचा नाही, कारण प्रश्न म्हणजे शंका आणि शंका म्हणजे सैतान. भोंगाताई नवऱ्याला म्हणाली, "अहो, देवाला तरी आपण रोज प्रश्न विचारतो. हे काय देवापेक्षा नाजूक आहेत?" नवरा हसला. तीही हसली. त्या वेळी ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं होतं.

एका रविवारी पाळकसाहेबांनी आजाऱ्यांना पुढे बोलावलं. भाऊ गेला. त्यांनी त्याच्या डोक्यावर तेल ओतलं, इतकं की शर्टाची कॉलर चिंब झाली, आणि मोठ्याने म्हणाले, "आज तू मोकळा झालास! यापुढे जो गोळी खाईल तो या अभिषेकाला खोटं ठरवील." लोक "आमेन" म्हणाले. भोंगाताईची त्या दिवशी ऑफिसात पाळी होती. भावाने घरी येऊन शर्ट स्वतःच धुतला आणि तिला काही सांगितलं नाही.

तिला कळलं ते वायरलेसवर.

भर दुपारी लंबूचा आवाज आला. नेहमी थट्टा करणारा लंबू अडखळत होता. "ताई... ऐक. मी बाजाराच्या चौकात आहे. तुझा भाऊ शिडीवरून पडलाय. तोंडाला फेस आहे. मी गाडीत घेतलाय त्याला, दवाखान्याकडे निघालोय."

तिने हेडफोन काढला नाही. आधी त्याला कोणता रस्ता मोकळा आहे ते सांगितलं, दवाखान्यात फोन केला, आणि मगच हेडफोन टेबलावर टाकून दवाखान्याकडे धावली.

उजवा हात मनगटातून मोडला होता, दोन बरगड्या गेल्या होत्या. पेंटरचा उजवा हात! शुद्धीवर आल्यावर भावाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्यास?"

"तेल लावलं त्या दिवशी."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू ओरडली असतीस." मग त्याने प्लास्टरमधला हात थोडा उचलला. "तेलही गेलं, तूपही गेलं, ताई. हाती हे धुपाटणं आलं." तो हसायला गेला आणि बरगड्यांमुळे कळवळला.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. बरोबर मामा होते, तिचे सख्खे मामा, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एक. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि डोळे उघडून म्हणाले, "अभिषेक खरा होता. पण घरात कोणाचा तरी अविश्वास आड आला." आणि त्यांनी भोंगाताईकडे पाहिलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा अविश्वास? शिडीवर तो चढला, गोळ्या तुम्ही बंद केल्यात, आणि पाडला मी?"

मामांनी तिला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं. "अगं, तोंड आवर. देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलायचं नसतं. 'माझ्या अभिषिक्ताला हात लावू नका' असं शास्त्रात आहे. उद्या काही वाईट झालं तर?"

"मामा, वाईट व्हायचं काही शिल्लक आहे का?"

ती बोलली खरी, पण आतून हादरली होती. ती श्रद्धेची बाई. शास्त्रात आहे म्हटल्यावर ते उडवून लावणं तिला जमेना. रागही येत होता आणि त्या रागाची भीतीही वाटत होती. ती तशीच नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढा. बाबांकडे जायचंय."

बाबांच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि पुस्तकांचा ढीग. डोळ्यांनी अधू झाले होते, तिला आवाजावरून ओळखलं. चष्मा पुसत पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अभिषेक म्हणजे काय, सांगा," ती म्हणाली. "मला सोप्या भाषेत सांगा."

"पूर्वी राजाच्या, याजकाच्या डोक्यावर तेल ओतत," बाबा म्हणाले. "का? तर आता हा स्वतःचा राहिला नाही, लोकांसाठी देवाने याला कामाला लावलं, हे सगळ्यांना दिसावं म्हणून. त्याला मोठं करायला नव्हे, जुंपायला. आणि ख्रिस्त या शब्दाचा अर्थच मुळी अभिषिक्त. त्याचा अभिषेक कशासाठी होता? गरिबांना चांगली बातमी सांगायला, चिरडलेल्यांना सोडवायला. त्याने पाय धुतले लोकांचे. जो त्याचा झाला त्याला त्यातला वाटा आहे. तुला आहे, तुझ्या भावाला आहे, त्या लंबूला आहे."

"आणि आजाऱ्याला तेल लावतात ते?"

"ते आजाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून. तू देवाचा आहेस, आमचा आहेस, हे त्याच्या कपाळाला कळावं म्हणून. तेल तर तेव्हा औषधच होतं, जखमेवर ओतायचे. औषध बंद कर असं सांगणारं तेल मी कुठे वाचलं नाही."

"आणि 'हात लावू नका'?"

"ते देवाने राजांना सांगितलं, पोरी. मूठभर बिऱ्हाडं होती, ना घर ना जमीन, या देशातून त्या देशात भटकणारी. त्यांना छळू नका, ते माझे अभिषिक्त आहेत, असं देव राजांना बजावतोय."

ती ताडकन उठली. "म्हणजे दुबळ्यांच्या झोपडीभोवती देवाने कुंपण घातलं, आणि यांनी ते उपटून स्वतःच्या बंगल्याला लावलं!"

"हो," बाबा म्हणाले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"त्या रविवारी तुम्ही चर्चमध्ये होतात?"

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. "होतो. शेवटच्या बाकावर."

"आणि गप्प बसलात!"

"ही खोली त्यांच्या हातात आहे," बाबा हळू म्हणाले. "या वयात कुठे जाऊ?"

हा घाव तिला पाळकसाहेबांपेक्षाही खोल लागला. त्यांच्या बढाईचं एक वेळ सोडा. पण ज्यांनी तिला डोळे मिटून हात जोडायला शिकवलं, ते सगळं जाणून तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते! ती बाहेर आली. नवऱ्याने दार उघडलं. वाटभर तिच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही, तेव्हा तो बिचारा घाबरला.

रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे ज्याला आपला अनुभव सांगायचा तो पुढे येऊन बोलतो तेव्हा, ती उठून पुढे गेली. तिने पाळकसाहेबांना शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "माझा भाऊ पडला. हात मोडला. तो पडला, कारण याच जागेवरून त्याला औषध सोडायला सांगितलं गेलं. पाळकसाहेब, मला तुमची माफी नको. फक्त याच जागेवरून आत्ता सांगा, की कोणीही औषध बंद करू नका. इथे अजून कितीजणांनी बंद केलंय, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही."

पाळकसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली. पेटी वाजायला लागली. कोणीतरी माइक बंद केला. भोंगाताईला माइकची गरज कधीच नव्हती. ती पेटीच्या वरताण म्हणाली, "देवाने अभिषेक केला तो चिरडलेल्यांना उचलायला! चिरडायचं आणि वर हात लावू नका म्हणायचं, हा कुठला अभिषेक?"

"खाली बस!" मामा ओरडले.

"बसते, मामा. आधी त्यांना बोलू द्या."

ते बोलले नाहीत. गाण्याला सुरुवात झाली. पण मधल्या रांगेतून बेकरीवाल्याची बायको उठली. तिला साखरेचा आजार होता आणि ती रोज इंजेक्शन घ्यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती पार सुकली होती, ओठ पांढरे. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "तूपण?" तिने मान हलवली. तो तिला हाताला धरून दाराबाहेर घेऊन गेला, आणि पेटीच्या आवाजातही मागच्या बाकांना त्याचं रागाने बोलणं ऐकू आलं.

पुढच्याच आठवड्यात वडीलजनांनी निरोप धाडला: क्षमा मागेपर्यंत भोंगाताईने उपासनेला येऊ नये. निरोप घेऊन मामाच आले. तिने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "सांगा त्यांना, बाई वाट बघतेय. क्षमा मागायला कधी येताय ते कळवा." मामांनी चहा अर्धाच पिऊन कप ठेवला.

काही दिवसांनी बाबा भावाच्या घरी आले, तेव्हा भोंगाताई तिथेच होती. लंबूनेच त्यांना टॅक्सीतून आणलं होतं. खिशात तेलाची छोटी कुपी. ती दिसताच भावाने अंग चोरलं. "तेल नको, बाबा."

"नको तर नको." बाबांनी कुपी परत खिशात ठेवली आणि नुसते त्याच्याजवळ बसून राहिले. मग भोंगाताईकडे वळले. "मी चुकलो. मंडळीलाही पत्र दिलंय तसं. खोलीचं काय करायचं ते करोत."

"मला अजून राग आहे, बाबा," ती म्हणाली.

"असू दे. आहे तो बरोबर आहे."

भावाची नजर बाबांच्या खिशाकडे गेली. त्याने विचारलं, "लावलं तर फिट जाईल का?"

"मला माहीत नाही. गोळ्यांनी थांबेल, एवढं डॉक्टर सांगतात. गेली तरी तू देवाचा, आली तरी तू देवाचा. तेल एवढंच सांगतं."

भावाने डाव्या हाताने सकाळची गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, आणि कपाळ पुढे केलं. बाबांनी कुपी उघडली. एक थेंबच लावला.

पाळकसाहेब अजून त्याच खुर्चीवर आहेत. औषधाबद्दल त्यांनी एक अक्षरही मागे घेतलेलं नाही, फक्त आजाऱ्यांना पुढे बोलावणं बंद केलंय. बेकरीवाला आणि त्याची बायको आता चर्चला येत नाहीत. भावाचं मनगट वाकडंच बसलं. तो जमिनीवर बसून छोट्या पाट्या करतो, आणि अक्षर पूर्वीसारखं येत नाही म्हणून ब्रश फेकतो, मग उचलतो. भोंगाताई दर रविवारी चर्चच्या दारापर्यंत जाते. आत जाऊ देत नाहीत. ती पायरीवर उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "गोळी घेतलीस का रे?"