बाबा फोलारिनचं साधं पत्र

पंक्चर काढायला लोक तीन गल्ल्या ओलांडून बाबा फोलारिनकडे येतात, ते काही त्यांच्या ठिगळासाठी नव्हे. ठिगळ आठवड्यात सुटतं. येतात ते ऐकायला.

"काय झालंय हो चाकाला?"

"नलिकेतून वायूचं अकाली निष्क्रमण झालंय."

गिऱ्हाईक खूश, बाबा त्याहून खूश. शब्द बाहेर पडला की डोळे मिटून त्याची चव घेत बसतात. मी समोरच चवळीचे वडे तळते. "केहिंदेची आई, आजचे वडे अनुपमेय!" म्हणाले की मी मुकाट्यानं एक जास्त टाकते. सगळं इबादान शहर त्यांच्या शब्दांना हसलं तरी मी विरघळते.

तर यंदा त्यांच्या मुलाचं, फोलारिनचं, मोरोलायोशी लग्न ठरत होतं. मुलाकडचं मागणीपत्र बापानं लिहायचं आणि मुलीच्या धाकट्या बहिणीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. फोलारिन माझ्यादेखत बापाच्या पाया पडला.

"बाबा, साधं लिहा. पोरगी अडखळली तर मांडवभर हसतील. मोरोलायोचे वडील आधीच आपल्याला पंक्चरवाले म्हणतात. नाही म्हणाले तर?"

बाबांनी शब्द दिला. मग तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. कागदावर काही लिहायचे, उसासा टाकून खोडायचे.

नवरीच्या गावी, ओग्बोमोशोला, आम्ही सगळे गेलो. फोलारिन आणि त्याचे मित्र रीतीप्रमाणे नवरीच्या आईबापांपुढे पालथे पडले. "उठा" म्हणेपर्यंत उठायचं नाही. बहिणीनं पत्र उघडलं आणि एका दमात वाचून संपवलं: तुमची मुलगी चांगली आहे, आम्हाला आवडली, द्यावी.

नवरीच्या बापानं चष्मा काढला. पोस्टातून साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस.

"एवढंच? तुम्ही म्हणे गिऱ्हाइकाच्या टायरलासुद्धा भारी शब्द देता. माझी मुलगी टायरहून हलकी?"

बाबांनी जमिनीवरच्या मुलाकडे पाहिलं. फोलारिननं मातीतूनच हात हलवला, "बोला बाबा, बोला!"

मग काय! मोरोलायोचं सौजन्य, तिच्या कुलाची देदीप्यमानता, उभय घराण्यांचं चिरंतन सामीप्य... नवरीची आजी प्रत्येक शब्दाला टाळी देत होती. कळत होतं असं नाही. खाली पोरांची पोटं दुखायला लागली.

"काका, आता तरी उठा म्हणा!" एक मित्र कण्हला.

"थांब रे, संपू दे," नवरीचा बाप म्हणाला. शेवटी खाकरून तोही उभा राहिला. "आपल्या प्रस्तावास आमची निःसंदिग्ध अनुमती आहे. उठा पोरांनो."

परतताना बसमध्ये सगळे गात होते. बाबा मात्र डोळे मिटून बसलेले, ओठ हलत होते.

"काय हो, प्रार्थना करताय?" मी कोपर मारलं.

"निःसंदिग्ध," ते म्हणाले. "केहिंदेची आई, हा माझ्याकडे नव्हता."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाला त्यांनी सांगितलं, की चाकाला भोक आहे, निःसंदिग्ध.