पाठ म्हणजे फरशी नव्हे

कल्पना करा, तुम्ही उकिडवे बसला आहात. समोर सिमेंट-वाळूचा ओला माल पसरलाय आणि हातातली दोन फुटी फरशी चारही कोपरे एकदम टेकतील अशी ठेवायची आहे. ठेवलीत, रबरी हातोडीने ठोकलीत? आता तसेच बसून मागे सरका आणि पुढची घ्या. असं दिवसभर. मग संध्याकाळी सरळ उभं राहून दाखवा.

आमचा फरशीवाला अर्धं आयुष्य असाच मागे मागे सरकत आला. गावभर त्याच्या फरश्या चमकत होत्या, स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र उखडलेला कोबा. बायको सांगून थकली. शेवटी एकदाचे टाइल्सचे खोके घरी आले, आणि पहिलाच खोका उचलताना त्याच्या कंबरेत अशी कळ गेली की तो दारातच वाकलेला राहिला. बायकोला वाटलं, हे नवीन निमित्त.

उपचार त्याने स्वतःच ठरवला. ताज्या फरशीवर खालचा माल सुकून पक्का होईपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही, हा धंद्याचा नियम. तोच पाठीला लावला. खोलीच्या दारात आडवी फळी टाकून तो आत निश्चल पडून राहिला. बायको फळी ओलांडून चहा आणून द्यायची.

"फरशीला निदान आंघोळीला उठा म्हणून सांगावं लागत नाही," ती म्हणाली.

आठवडाभराने उठायला गेला तर पाठ लाकूड झालेली. तेव्हा कुठे स्वारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, झोपवून एकेक पाय वर उचलला. पायाला मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे ना, सगळं विचारलं. मग छोट्या हातोडीने गुडघ्यावर ठोकलं.

"पोकळ वाजतंय का?" खाली माल कमी पडलेली फरशी ठोकून ओळखावी तसं त्याने काळजीने विचारलं.

त्या हसल्या. मेहुण्याच्या आग्रहाने त्याने येतानाच एमआरआय काढून आणला होता. त्यात खालच्या दोन मणक्यांमधली गादी सुकून चपटी झालेली दिसत होती. त्याचा चेहरा उतरला. आता ऑपरेशन, आणि धंदा बंद.

"या वयात अशी गादी कितीतरी जणांची असते, त्यांना पत्ताही नसतो," बाई म्हणाल्या. "पाठ पडून राहून पक्की होत नाही. वापरली की पक्की होते."

थोडे दिवस गोळ्या, शेक, रोज चालणं आणि व्यायाम. खोका अख्खा उचलायचा नाही, अर्धा रिकामा करून उचलायचा. घरी येऊन त्याने दारातली फळी काढली आणि कण्हत कण्हत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला.

हळूहळू कंबर मोकळी झाली. मग स्वयंपाकघराचं काम निघालं. बायको दारात स्टूल टाकून बसायची आणि प्रत्येक ओळीला हुकूम सोडायची, "ओळ झाली, उठा, सरळ व्हा." शेवटची फरशी बसली तेव्हा तिनेच दारात फळी आडवी टाकली आणि दोघं बाहेरून बघत उभे राहिले. तोही सरळ उभा.

एक गोष्ट मात्र त्याला अजून खुपते. नवा फोटो काढला तरी गादी तशीच सुकलेली दिसेल, असं बाई म्हणाल्या होत्या. मग दुखणं गेलं कुठे? आणि गादी आधीपासूनच सुकलेली होती, तर कळ नेमकी घरचाच खोका उचलताना का आली?