पट्ट्यावरचा चिखल

फसवला गेला माझा वर्गमित्र प्रफुल्ल, आठ वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, वाडीतल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडून. आज टॅक्सीत मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला आणि त्याच अत्तरानं घमघमणारी, प्रफुल्लनं तेव्हा घेतलेली लाल गाडी डोळ्यांसमोर उभी राहिली. कॉलेजसाठी त्याची पहिलीच गाडी. दलालाकडे उभे राहून आम्ही गाडीवेडे मित्र कौतुक करत होतो. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. पट्ट्यावर वाळलेला चिखल! म्हणजे गाडी पुरात बुडालेली.

"काय पाहून राहिला गा? तुले घ्यायची हाय का?" दलाल म्हणाला. सगळे हसले. मी पट्टा सोडला. तो सर्रकन आत गेला.

प्रफुल्लनं गाडी घेतली. पंधरा दिवसांत ती धावता धावता बंद पडली, मागून ट्रक आदळला. प्रफुल्ल अजून काठी घेऊन चालतो.

तेव्हा वाटलं, मित्राचा आनंद काहून मोडायचा? आज कळतं, चिखल लपवून मीच त्या दलालाची फुकटात दलाली केली. जुनी गाडी पाहताना तुम्ही पट्टा शेवटपर्यंत ओढा आणि चिखल दिसला तर तिथंच, सगळ्यांसमोर बोला.