सातव्या वर्षाचा मुखवटा

किरीनो विटा थापायचा. आमच्या गावात ज्याच्या घराला पक्की भिंत आहे, त्याच्या भिंतीत किरीनोच्या बोटांचे ठसे आहेत. बोलणं मात्र त्याला जड जायचं. चिखल तुडवताना कोणी हाक मारली तर मान वर करायचा, हं म्हणायचा आणि पुन्हा पायांकडे बघायला लागायचा. त्याच्या पोराचा, आदाउतोचा, मी धर्मबाप. म्हणून आम्ही दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. पण पोराच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीसुद्धा तो माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलला नाही.

हाच माणूस नाताळ आला की बोकडाच्या कातड्याचा मुखवटा चढवायचा, घोड्याच्या शेपटीची दाढी लावायचा, हातात लाकडी तलवार घ्यायचा, आणि मग त्याच्या तोंडाला खळ नसायची. आवाजसुद्धा बदलायचा, पिपाणीसारखा चिरका व्हायचा. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या बायांना लग्नाची मागणी घालायचा. चिकट दुकानदाराच्या दारात बसून त्याच्या मेलेल्या कोंबडीसाठी गळा काढायचा. लोक हसून हसून भिंतीला टेकायचे. हा तोच विटावाला, हे ठाऊक असूनही कोणाला खरं वाटायचं नाही.

आमची तीन राजांची फोलिया, म्हणजे गाणाऱ्यांची मंडळी आहे. नाताळपासून सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे राजांच्या सणापर्यंत, आम्ही दारोदार गात फिरतो. पुढे निशाण, त्यावर गव्हाणीतलं बाळ आणि दूरदेशाहून आलेले तीन राजे रंगवलेले. मागे तारांची व्हिओला, अकॉर्डियन आणि ढोल. ढोल माझा. निशाणाची राखण सोंगाड्याकडे. त्यानं निशाण नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि सण संपताना गव्हाणीच्या देखाव्यापुढे गुडघे टेकेपर्यंत कोणाला तोंड दाखवायचं नाही. जेवायचं तेसुद्धा भिंतीकडे वळून. आणखी एक नेम आहे, निशाण गेल्या वाटेनं परत येत नाही. आमच्या आज्यांनी हे नेम पाळले, आम्हीही पाळतो.

किरीनोनं हे सोंग हौसेनं घेतलेलं नव्हतं. आदाउतो पोलादाच्या शहरात भट्टीवर कामाला लागला आणि दुसऱ्याच वर्षी तापलेलं लोखंड अंगावर उडून भाजला. तो दवाखान्यात तळमळत असताना इकडे बाप नवस बोलला. पोरगा वाचला तर सात वर्षं सोंग घेईन. सातव्या वर्षी, सणाच्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत निशाण त्याच्या हातात देईन, आणि मगच त्याच्या घरच्या गव्हाणीपुढे मुखवटा उतरवीन. पोरगा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून राहिली, बाकी धडधाकट. किरीनोनं सहा वर्षं ऊन, पाऊस, डोंगर काढले. सातव्या वर्षी आम्ही पोलादाच्या शहरी निघालो.

बसमधून उतरलो तेव्हा नुकती दुपार झाली होती. त्या शहराचं आभाळ आमच्या आभाळासारखं नाही. आमच्याकडे ढग डोंगरामागून येतात, तिथं ते धुराड्यातून निघतात. झाडांच्या पानांवर तांबडी भुकटी, दोरीवरच्या चादरींवर तांबडी भुकटी, कुत्र्यांच्या पाठीवरसुद्धा तीच. आणि पायाखाली सतत एक घरघर, जमिनीखाली कोणीतरी जातं ओढतंय तशी. आम्ही गायला सुरुवात केली तेव्हा मला ढोलाचा ठोका त्या घरघरीपासून वेगळा राखावा लागत होता.

लोक दारात आले, पण आमच्याकडच्यासारखे नाही. दार थोडंसं उघडायचे, बघायचे, लावून घ्यायचे. तेव्हा देशावर लष्कराचं राज्य होतं आणि शहरात संपाची कुजबुज होती. चारजण कोपऱ्यावर उभे राहिले तरी जीप थांबायची. आम्ही तर वाजवत चाललो होतो. एक जीप आमच्या बाजूनं चालत्या माणसाच्या वेगानं बराच वेळ आली. किरीनोनं तिला लवून मुजरा केला. आतलं कोणी हसलं नाही. जीप पुढे गेली.

आदाउतोचं घर चढावर, रुळांच्या कडेला. त्याची बायको झिल्दा दारात उभी होती. तिनं भेंडी घालून कोंबडी केली होती, मक्याचा आंगू घोटून ठेवला होता, आणि खोलीच्या कोपऱ्यात गव्हाणी मांडली होती. गवत नव्हतं म्हणून लाकडाचा भुसा पसरला होता.

"तीनला भोंगा झाला की येतीलच," ती म्हणाली. "सकाळी मला दोनदा बजावून गेलेत, बाबांना थांबवून ठेव म्हणून. जसे काही बाबा पळून जाणार आहेत."

"पळतोय कसला," किरीनो चिरक्या आवाजात म्हणाला, "सात वर्षं झाली, ही दाढी खाजवायला हात आत जात नाही. आज ती जाळूनच झोपणार."

तीनचा भोंगा झाला. चढावरून माणसं येऊ लागली, डबे हातात, मान खाली. आम्ही एकेक चेहरा बघत होतो. माणसं संपली, रस्ता रिकामा झाला. आदाउतो नाही. झिल्दानं आंगू झाकला, उघडला, पुन्हा झाकला.

मग, ऊन उतरायला लागल्यावर, शेजारचा दिव्हिनो आला. तो आदाउतोच्याच भट्टीवर होता. निशाण बघून त्यानं टोपी काढली, पण आत आला नाही.

"वहिनी, त्याला दुसरी पाळी करावी लागतेय," तो म्हणाला. "बदलीचा माणूस आलाच नाही. कोणी म्हणतं आजारी आहे, कोणी म्हणतं सकाळी उचलला. भट्टी सोडून कसा येईल? रात्री अकराशिवाय सुटका नाही."

खिडकीतून ऊन तिरपं होऊन गव्हाणीवर आलं होतं.

झिल्दा हळूच म्हणाली, "रात्री आले की देऊ त्यांच्या हातात. राजांना काय, ते काय घड्याळ बघतात?"

"सूर्य बुडाला की सण संपला," बेलार्मिनो म्हणाला. तो आमचा म्होरक्या. गाणं त्याच्या तोंडून सुरू व्हायचं आणि शब्दही त्याचाच शेवटचा असायचा. "तो नवस आपल्या तोंडानं बोललाय, झिल्दा. तो आपण वाकवायचा नाही."

किरीनो उठला. त्यानं तलवार कमरेला खोचली आणि निशाणाशेजारी जाऊन उभा राहिला.

"फाटक कुठंशी आहे?" त्यानं दिव्हिनोला विचारलं.

"वेड लागलंय का? फाटकावर सैनिक आहेत. सकाळपासून बंदुका घेऊन उभे आहेत."

"मी फाटक विचारलं. सैनिक मला दिसतील."

चांगला रस्ता खालून जात होता, पण त्याच रस्त्यानं आम्ही आलो होतो. म्हणून घराच्या मागच्या बाजूनं रुळांवर उतरलो. खनिजाची गाडी उभी होती, डब्यामागे डबा, टोक कुठंच दिसत नव्हतं. वळसा घालायला ऊन पुरलं नसतं. दोन डब्यांच्या मधून वाकून जायचं ठरलं. आमचं निशाण धरायचं काम ओतिलियाबाईंचं. त्या साठीच्या, अंगानं भारी. निशाण खाली टेकवायचं नाही आणि गुंडाळायचंही नाही. त्यांनी काठी आडवी धरली, निशाणाची फीत दातांत पकडली आणि वाकल्या. तेवढ्यात दूरवरून लोखंडाचा खणखणाट डब्याडब्यातून आमच्याकडे धावत येऊ लागला. आधीच पलीकडे पोचलेल्या किरीनोनं एका हातानं निशाणाची काठी आणि दुसऱ्यानं ओतिलियाबाईंचा झगा ओढला. त्या गुडघ्यांवर पलीकडे पडल्या आणि त्यांच्या पाठीमागे डब्यांनी एक झटका खाल्ला.

"झगा फाडलास, मेल्या," त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"लग्नाला होकार द्या, नवा घेतो," सोंगाड्या म्हणाला.

फाटकासमोर उघडं मैदान होतं. सूर्य धुराड्यांच्या मधे उतरत होता. बेलार्मिनोनं हात वर केला आणि आम्ही बंद दाराचं गाणं सुरू केलं. हे गाणं आम्ही नेहमी लोकांच्या उंबऱ्याबाहेर म्हणतो, घरधन्यानं कडी काढावी म्हणून. एवढ्या मोठ्या दारापुढे ते पहिल्यांदाच म्हटलं. आवाज मैदानात सांडून जात होता.

सैनिक धावत आले. माझ्या ढोलापासून हातभर अंतरावर बंदुकीचं टोक थांबलं. टिपरू माझ्या हातातच राहिलं.

"बंद करा," सार्जंट म्हणाला. तरुणच होता, पण डोळ्यांत झोप नसलेली. "हा कोण? तोंड झाकून? आणि कमरेला काय आहे?"

"तलवार आहे, साहेब," किरीनो चिरक्या आवाजात म्हणाला. "गव्हाणीतल्या बाळाला मारायला निघालेल्या हेरोद राजाच्या फौजेतून पळून आलेला शिपाई मी. तुमच्याकडे जागा आहे का?"

कोणीच हसलं नाही. बेलार्मिनो घाईनं पुढे झाला आणि सांगू लागला: नवस, पोरगा, भट्टी, सूर्य. सार्जंट ऐकत होता, पण नजर मुखवट्यावर.

"तलवार खाली टाक."

किरीनोनं टाकली. लाकूड दगडावर आपटलं तेव्हा एका सैनिकाचा खांदा हलला.

फाटकाच्या आत कारखान्याचा पहारेकरी होता. त्यानं गाणं आणि बेलार्मिनोचं बोलणं ऐकलं होतं आणि न सांगताच आत फोन लावला होता. तो जाळीशी येऊन म्हणाला, "आदाउतोला मुकादम सोडतोय. भट्टीचं एक तोंड आताच रिकामं झालंय, थोडी उसंत आहे. येईल लहान दारापर्यंत, पण लगेच परत जायचं."

सार्जंटनं फाटकाकडे वळून बघितलं.

"येऊ दे," तो म्हणाला. "निशाण दारापर्यंत जाऊ दे, बाईंनी घेऊन जावं. पण झाकल्या तोंडाचा माणूस इथं उभा असताना मी दार उघडू देणार नाही. मला तसा हुकूम आहे. त्यानं एकतर तोंड दाखवावं, नाहीतर मैदानाच्या पलीकडे जावं. तिथं, झाडांच्या मागे."

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं दोन वाटा दिल्या. त्या दोन्ही किरीनोसाठी बंद आहेत, हे त्याला कसं कळावं? झाडांमागे जावं, तर निशाण नजरेआड होतं. मुखवटा काढावा, तर गव्हाणीआधी, परक्यांसमोर, उघड्या रस्त्यावर तोंड दिसतं. आणि काहीच न करावं, तर सूर्य बुडतो. तिन्हीकडून नवस मोडत होता. पोराच्या वाट्याचं मोडायचं की आपल्या वाट्याचं, एवढंच किरीनोच्या हातात उरलं होतं.

बेलार्मिनो पुटपुटला, "किरीनो, नको. आपण घरी जाऊ. नाही झालं तर नाही झालं. राजे बघतायत."

सूर्याचा खालचा काठ धुराड्याला लागला होता. फाटकाच्या आत, लांबवर, जाड कोट घातलेला एक माणूस धावत येताना दिसत होता.

किरीनोनं दोन्ही हात मानेमागे नेले. चामड्याची गाठ घामानं आवळली होती, सुटेना. त्यानं माझ्याकडे पाठ केली. मी टिपरू तोंडात धरलं आणि गाठ सोडली. माझ्या आयुष्यात मी एवढी घट्ट गाठ सोडलेली नाही.

मुखवटा निघाला. आतलं तोंड मातीत पुरलेल्या मुळासारखं पांढुरकं पडलं होतं. गालांवर पट्ट्यांचे वळ होते. उन्हानं तो डोळे मिचकावत होता. सार्जंटनं बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला. ओतिलियाबाई रडत होत्या.

"उघडा," किरीनो म्हणाला. हा त्याचा स्वतःचा आवाज होता, विटा थापणाऱ्याचा. सोंगाच्या दिवसांत आम्ही तो कधीच ऐकला नव्हता.

लहान दार उघडलं. आदाउतो उंबऱ्यावर आला. भुवया झडलेल्या, तोंड काळं. त्यानं चिकटलेल्या बोटांच्या हातानं निशाणाची काठी धरली, फितीवर ओठ टेकवले, डोळे मिटले. बेलार्मिनोनं दोन ओळी म्हटल्या, वाद्यांशिवाय. मग आदाउतोनं डोळे उघडले आणि बापाचं उघडं तोंड बघितलं.

"बाबा, मुखवटा?"

"गरम होत होतं," किरीनो म्हणाला.

आदाउतोला नेम ठाऊक होते, तो त्याच गावात वाढलेला. तो बापाकडे एक पाऊल सरकला. पण आतून कोणीतरी हाक मारली, त्यानं काठी ओतिलियाबाईंच्या हातात दिली आणि परत धावत गेला. दार लागलं. धुराड्यामागे फक्त तांबडं उरलं होतं.

घरी आम्ही तिसऱ्याच वाटेनं आलो, मोठा वळसा घालून. झिल्दानं गव्हाणीपुढे मेणबत्ती लावली होती. बेलार्मिनो म्हणाला, "ठेव तिथं, किरीनो. पोराच्या हातात निशाण गेलं, सूर्य असताना गेलं. झालं तुझं."

किरीनोनं गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली. मुखवटा मात्र काखेतच ठेवला.

"पोराचं झालं," तो म्हणाला. "माझं राहिलं."

मग तो उठला आणि तेरा दिवसांत पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून जेवला. झिल्दा त्याला वाढत होती आणि तो पुरे म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला, उघड्या तोंडानं, खिडकीकडे. धुराडी मागे पडली, तांबडी पानं मागे पडली, आमचे डोंगर दिसू लागले. मी ढोल मांडीवर घेऊन बसलो होतो.

"कोंपाद्रे," तो म्हणाला.

"बोल."

"रस्त्यावर उतरलेला मुखवटा पुन्हा चढवत नाहीत."

"नाही चढवत."

"पावसाळा संपला की तू बोकड कापशील ना, तो करडा?"

"कापेन."

"त्याचं कातडं मला ठेव, पुढच्या नाताळाला. आणि हे बघ, मानेकडचं कापताना जपून काप. गाठ तिथंच येते."