कडेकडेनं ये

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाते. भीती वाटते म्हणून नाही, खोट्या वाटतात म्हणून. आमच्या बिल्डिंगमध्ये असल्या गोष्टी सांगणाऱ्या दोघीतिघी आहेत, त्या मला हसतात... "हिला काय सांगायचं, ही भिंतीसारखी बसते." खरंच आहे. माझ्या तोंडून शब्द कमीच निघतात. म्हणून हे बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं. शिक्षण चौथीपर्यंतच झालं, तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. कुठे पाठवेन की नाही माहीत नाही, पण तुम्ही समोर बसून वाचताय असं धरूनच लिहिते.

आम्ही पनवेलला भाजी मार्केटच्या मागे राहतो. ह्यांचा टेम्पो आहे. एकच मुलगी, अश्विनी. हॉटेलचा कोर्स करून ती उरण रस्त्यावर, जासईच्या अलीकडे खाडीच्या अंगाला एक मोठं हॉटेल झालंय तिथे लागली. रिसेप्शनला. शिकणं संपून काउंटरवर एकटीने उभं राहायचा दिवस ठरला आणि ती उड्या मारतच घरी आली.

"आई, स्टाफच्या आईवडिलांना एक रात्र फुकट देतात. माझ्या हातचं पहिलं चेक-इन तुझं!"

"पप्पांना घेऊन जा ना. मी घर बघते."

ती म्हणाली, "गॅदरिंगला तू गेटपर्यंत आलीस आणि परत गेलीस. कॉलेजात बक्षीस मिळालं तेव्हा पप्पा आत, तू टेम्पोत. या वेळी आत यायचं. दारातून माझ्या काउंटरपर्यंत. दुसरं काही नको मला."

"येईन गो."

"माझी शपथ?"

"तुझी."

शपथ घेतल्यावर मात्र मला काय झालं कोण जाणे, हुरूपच आला. आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं. नवा ब्लाउज शिवून घेतला. चपला घेतल्या, सोनेरी पट्ट्याच्या. पिशवीत दोन चादरी, टॉवेल, साबण, आणि खोलीला लावायला कुलूप ठेवलं. अश्विनीने पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"आई, हॉटेलात चादरी असतात! आणि कुलूप कशाला?"

"आन् मग दार कशानं लावायचं?"

"कार्ड असतं त्याला."

"कार्डानं दार लागतं?" हे आतून ओरडले. केस काळे करून बसले होते, पेपर अंगावर घेऊन. "मंग माजा लायसन पन चालंल."

चादरी निघाल्या, कुलूप निघालं. पण सुकटाची चटणी आणि तांदळाच्या चार भाकऱ्या मी साडीच्या घडीत लपवल्या. परक्या जागी पहिलं अन्न आपलं असावं, असं माझे बाबा म्हणायचे.

बाबांचं इथे सांगायला हवं. आमचं घराणं मिठागरातलं. मी चौथी झाल्यावर शाळा सुटली ती बाबांना भाकरी पोचवायची म्हणून. आगराच्या बांधावर पोचलं की चपला काढायच्या आणि हाक द्यायची, "येऊ का?" बाबांनी "ये" म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एक तर मीठ धरत असतं, त्याला चपलेची घाण नको. दुसरं म्हणजे ती जागा आपली नसते, जागेवाल्याची असते, त्याला विचारून जायचं. विचारलं की बाबा वाफ्यातून ओरडायचे, "ये गो, कडेकडेनं ये!" मधून गेलं की मिठाची साय मोडते ना... म्हणून. अश्विनी जन्मायच्या आधीच बाबा गेले. आगर तर त्याच्याही आधी मातीखाली गेलं. रस्ते उंच झाले, कंटेनरच्या गाड्या आल्या, पूल आले. आमचं आगर नेमकं कुठे होतं हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर दाखवता आलं नसतं.

तर आम्ही निघालो. दुपारी दोनला चेक-इन, आम्ही जेवणाआधीच तयार होऊन बसलेलो. हॉटेलच्या कमानीत टेम्पो शिरला तसा सिक्युरिटीवाला धावत आला.

"भाजी मागच्या गेटने, मामा!"

"भाजी नाय, पावनं हाव आमी," हे म्हणाले. तो हसला, मला उतरवलं, आणि ह्यांना गाडी मागे लावायला पाठवलं.

मी एकटी. समोर काचेचं दार. आत चकचकीत काळी फरशी, आणि पार पलीकडे, लांब, काउंटरमागे कोट घातलेली माझी मुलगी. ती माझ्याकडेच बघत होती.

एक साहेब माझ्या बाजूने गेले, दार आपोआप सरकलं. दोन मुली बाहेर आल्या, सरकलं. मी पुढे झाले... नाही सरकलं. मागे झाले, परत पुढे. नाही. सिक्युरिटीवाला आला, त्याच्यासाठी उघडलं, तो बाजूला झाला, मी पाऊल उचललं तर माझ्या नाकासमोर बंद.

"असं कधी करत नाही हो ताई," तो म्हणाला.

मागे माणसं येऊन थांबली. माझे कान तापले. मला सगळं कळत होतं, हे गॅदरिंगच्या वेळचं गेटबाहेरचंच उभं राहणं आहे, दार मला ओळखतं. टेम्पोत जाऊन बसावं असं इतकं वाटलं की मी वळलेसुद्धा. वळताना काचेतून अश्विनीचा चेहरा दिसला. तिने मान खाली घातली होती.

मग मी काय केलं ते माझं मला कळलं नाही. पायातल्या चपला काढल्या, दाराच्या कडेला जोडीने लावल्या आणि हळूच म्हणाले, "येऊ का?"

"ये गो, कडेकडेनं ये!"

स्पष्ट. मोठ्याने. लांबून आल्यासारखं, वाऱ्यावरून. आणि दार सरकलं.

"जा ना ताई," सिक्युरिटीवाला म्हणाला, "बोलावतायत ना आतून."

मी आत शिरले. आणि मधून नाही गेले! भिंतीला धरून, कुंड्यांच्या मागून, सोफ्यांना वळसा घालून गेले. लोक बघत होते, पण मला लाज म्हणून वाटली नाही. पायाखाली फरशी गार लागायला हवी होती ना? ती कोमट होती, उन्हातल्या पाण्यासारखी. छाती धडधडत होती, पण ती भीती नव्हती. डोक्यावर भाकरी घेऊन बांधावरून पळायचे ना, तसा आनंद होता तो.

काउंटरशी पोचले. अश्विनीचे डोळे भरलेले, पण आवाज अगदी साहेबी.

"वेलकम मॅडम. आधार कार्ड प्लीज."

"आधार? तू वलकत नाय का मला?"

बाजूचा मुलगा फिस्सकन हसला. ती पण हसली, आणि कार्ड घेताना माझी बोटं तिने घट्ट दाबली. तेवढ्यात हे आले, हातात माझ्या चपला.

"नव्या चपला भायेर काडतात? चोरतील ना!"

तेव्हा साफसफाईवाल्या मावशी जवळ आल्या. "ताई, तुमच्या पायाला काय लागलंय?"

मी मागे बघितलं. काळ्या फरशीवर दारापासून काउंटरपर्यंत, भिंतीच्या कडेकडेने, पांढरी पावलं उमटलेली. माझीच. पाय वर करून बघितले तर तळवे कोरडे, स्वच्छ. मावशींनी बोट लावून चोळलं. "वाळू नाही... खडा आहे बारीक." अश्विनी काउंटरमागून आली, चिमूट उचलली आणि जिभेला लावली. मी नको नको म्हणेपर्यंत लावलीच.

"आई, मीठ आहे."

हे म्हणाले, "घाम आसंल." एवढा घाम कुणाला येतो? पुसायच्या आधी मी रुमालात थोडं भरून घेतलं.

अश्विनी खोली दाखवायला वर आली, तेव्हा मी तिला विचारलं, "मला ये गो म्हणून तू हाक मारलीस ना?"

"मी? काच बंद असताना काउंटरवरून दारापर्यंत ऐकू येईल का? आणि ड्युटीवर मी गो म्हणेन?"

"मग कोणी मारली?"

तिने पडदा सरकवला. "बघ तरी, खाडीच्या बाजूची खोली दिलीय तुला."

खाली भराव, त्याच्यापुढे खाडीतली तिवरांची झुडपं, आणि तिवरांत अर्धी बुडालेली दगडी उघाडी. भरतीचं पाणी आगरात घ्यायला बांधाला जे दार असतं, ते. तिच्या डाव्या खांबाचा वरचा दगड तुटका. त्या तुटक्या दगडावर बसून बाबा माझ्या हातची भाकरी खायचे. मी दुसरी कुठली उघाडी ओळखली नसती, ही ओळखली. म्हणजे हे हॉटेल आमच्याच आगरावर... मी मटकन पलंगावर बसले, आणि मग हसायलाच लागले. हे घाबरले. "काय झाला गो?"

"काय नाय. भाकरी काडा."

भाकरी-सुकट आम्ही तिघांनी खिडकीत बसून खाल्ली, अश्विनीने तर कोटावर. चौथी भाकरी मी संध्याकाळी खाली जाऊन कुंपणाच्या कडेला ठेवली. सिक्युरिटीवाला दुसरीकडे बघत राहिला, भला माणूस. त्यालाही त्या हाकेचं विचारलं. म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता ताई. मला वाटलं तुमचे वडील पुढे गेलेत."

ते मीठ मी घरी आणलं. दोन दिवस देवापाशी ठेवलं, मग बाबा आठवले. मीठ बांधून ठेवायचं नसतं म्हणायचे, खायचं असतं. डब्यात ओतलं आणि कालवणाला घातलं. चव मिठासारखीच होती.

दाराचं मशीन बिघडलं असेल असं हे अजून म्हणतात. पण अश्विनीने विचारलं, दुरुस्तीला कोणी आलेलंच नाही, ते आधीही नीट चालत होतं आणि नंतरही. मग सिक्युरिटीवाल्याने ऐकलं ते काय, आणि मीठ कुठून आलं? मला सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर सांगा.

मागच्या आठवड्यात अश्विनीच्या साहेबांनी घरच्यांना हॉटेलात चहाला बोलावलं. ह्यांना भाडं होतं, मी रिक्षाने एकटीच गेले. दारात चपला काढल्या नाहीत, अश्विनीने बजावलं होतं. पण थांबले आणि म्हणालेच, "येऊ का?"

दार लगेच सरकलं. आवाज मात्र आला नाही. मी जरा वेळ वाट बघितली, मागे दोन माणसं येऊन थांबली...

आणि मी आत गेले. या वेळी मधून.