वाळुंजाची पोती

मिस्त्रींनी उभी हयात मुलामा देण्याच्या कारखान्यात काढली. कारखाना बंद पडला, पण त्याच्या सांडपाण्यातले धातू त्यांच्या घरामागच्या जमिनीत मुरले ते मुरलेच. तिथे खायचं काही लावू नका, असं माती तपासणाऱ्यांनी बजावलं. मग मिस्त्रींनी वाळुंजाची झाडं लावली. ती मुळांवाटे धातू ओढून घेत. काठ्या भट्टीला जळण म्हणून जात, राख पिंपात बंद होई आणि माती हळूहळू निवळत होती.

गोम एकच. धातू सगळ्यात जास्त पानांत साठतो. पानं गळून तिथेच कुजली, की सगळं मुसळ केरात. म्हणून पानगळ सुरू झाली की मिस्त्री पान न् पान वेचून पोत्यांत भरत. शेजारी कुंपणावरून हाक मारत, "मिस्त्री, एक पान आमच्या अंगणात आलंय. पावती देऊ का?"

मुलगा जहाजावर असे. सून आणि चिमुरडी नात यंदाच्या उन्हाळ्यातच इथे राहायला आल्या होत्या. नातीसाठी मिस्त्रींनी ओट्यावर लाकडी पेट्या ठेवून, विकतची माती भरून घेवडा लावला होता. शेंग दिसली की ती वेलावरूनच तोंडात टाकायची.

पानगळ संपली, पोती भरून झाली आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते लेकीकडे गेले. परतले, तर पोती रिकामी, नीट घडी करून ठेवलेली.

सून कौतुकाने म्हणाली, "बाबा, तुमची पानं वाया नाही जाऊ दिली. घेवड्याच्या बुडाशी अंथरली. माहेरी असंच करायचो आम्ही, ओल टिकते."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. पण रागवायचं कुणावर? पोत्यांत काय असतं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. घरच्या माणसालाच सांगायचं राहिलं होतं. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, तशी तिने धावत जाऊन पोरीला उचललं.

त्याच दिवशी नातीचं रक्त आणि पेट्यांतली माती तपासायला दिली. निकाल येईपर्यंत नात टोचलेल्या बोटावरची पट्टी येईल त्याला दाखवत होती.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. कागद वाचून त्या म्हणाल्या, "पोरगी ठणठणीत आहे. पानं अजून कुजलीच नव्हती, मातीत काही उतरलेलं नाही. पेट्या तेवढ्या रिकाम्या करा."

जीव भांड्यात पडला. घरी परतताना सुनेने लेकीला सारा रस्ता कडेवर घेतलं, आणि एरवी चालायचा हट्ट धरणारी ती निमूट बसून राहिली.

संध्याकाळी मिस्त्री आणि सून हातमोजे चढवून ओट्यावर बसली आणि पेट्यांतली पानं मातीसकट पुन्हा पोत्यांत भरू लागली.

"बाबा," सून म्हणाली, "अजून काय काय सांगायचं राहिलंय?"

मिस्त्रींनी खूप विचार केला.

"चहात साखर जास्त होते," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

ती हसता हसता रडली, मग नाक पुसून तिने पोत्याचं तोंड घट्ट बांधलं.